मॅडमचा पहिला पेशंट

समुपदेशक मॅडमनी केंद्र थाटून तीन महिने झाले, पण समोरच्या खुर्चीवर अजून माशीखेरीज कुणी बसलं नव्हतं. घरी तरी कोण होतं? चार शब्द बोलायचे तर राँग नंबर लागायची वाट बघायची. आपलं ज्ञानच कच्चं असेल, असं ठरवून त्या पुस्तकांच्या दुकानात शिरल्या. एक ग्रंथ मानसशास्त्राच्या सिद्धान्तांचा, दुसरा व्यावसायिक नीतीचा. ऐपत एकाचीच.

"काका, कोणता घेऊ?"

"मला काय विचारता? बसा त्या स्टुलावर, दोन्ही चाळा आणि ठरवा," दुकानदारकाका म्हणाले. त्यांच्याकडेही गिऱ्हाइकांची झुंबड होती अशातला भाग नाही.

मॅडम सिद्धान्त चाळायला लागल्या आणि काका बोलायला लागले. बायको गेली, मुलगा फोन उचलत नाही, एक ना दोन. मॅडम वाचलेलं लगेच वापरून बघत. "मग तेव्हा तुम्हाला काय वाटलं, काका?"

हा प्रश्न काकांना उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. ते असे सुटले की विचारायची सोय नाही! मॅडम रोज दुपारी हजर. तीन आठवड्यांत ग्रंथ संपला, काकांचं लहानपण अजून चालूच. कोणतं पुस्तक घ्यायचं हे काही ठरत नव्हतं, आणि ठरवायची घाई दोघांनाही नव्हती. खरं सांगायचं तर काकांपेक्षा मॅडमनाच जास्त बरं वाटत होतं.

एके दिवशी काकांनी जाहीर केलं, "मॅडम, हे फुकटात बरं नाही. उद्यापासून रीतसर तुमच्या केंद्रात येतो. पहिला पेशंट मी!"

मॅडमना टाळीच वाजवावीशी वाटली. पण नेमका त्याच दिवशी त्यांनी नीतीचा ग्रंथ उघडला होता, आणि त्यात ठणकावून लिहिलं होतं: पेशंटशी मैत्री ठेवू नये. झाली का पंचाईत!

"काय झालं? घेणार ना मला?"

मॅडमनी कागदावर एक पत्ता लिहिला. "ह्या बाईंकडे जा. त्याही समुपदेशकच, चौकापलीकडेच बसतात. हुशार आहेत."

काकांचा चेहरा पडला. "अहो, एक गिऱ्हाईक आलंय, तेही दुसरीच्या घशात घालता? माझं काही चुकलं का?"

"नाही हो काका." मॅडमनी नीतीचा ग्रंथ मिटला. "तुम्ही पेशंट झालात तर मला इथे येऊन बसता येणार नाही. आणि मला तरी दुसरं जायला कुठे आहे?"

काकांनी कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

"जाईन. पण सकाळचीच वेळ मागून घेतो," ते म्हणाले. "दुपारी मी मोकळा नसतो."