काळवंडलेल्या नीलमाचं प्रकरण

"माझ्या बुद्धीची मला स्वतःलाच भीती वाटते," भाऊजी म्हणाले. "रोज सकाळी उठलो की तिला विचारतो, बाई, आज कोणावर संशय घ्यायचा?"

हे त्यांनी आरशाला सांगितलं, पण ऐकायला मेहुणा होता. भाऊजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी लिफ्ट तपासण्यात घालवली आणि निवृत्त होताच दारावर 'गुप्तहेर' अशी पाटी लावली. पाटी एवढी मोठी होती की गुप्त असं काही उरलं नाही. अजून बाहेरचं कोणी गिऱ्हाईक आलं नव्हतं, म्हणून घरातला एखादा मोजा हरवला की तीच केस. मेहुणा त्यांच्याच घरी राहायचा आणि त्यांचा सहायक होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी मात्र मेहुणा खरोखरच घाबराघुबरा होऊन त्यांच्यासमोर उभा होता. बेचाळिशी गाठल्यावर, सगळ्यांनी नाद सोडल्यावर त्याचं लग्न ठरलं होतं. होणारी बायको चष्म्याचं दुकान चालवायची, म्हणून ताईच्या घरात तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिला तयार अंगठी नको होती. खडा आपण निवडायचा आणि मग त्याला शोभेल अशी अंगठी घडवून घ्यायची, असं तिचं म्हणणं.

आदल्या दिवशी जवाहिऱ्यानं खिडकीशी पांढऱ्या कागदावर नीलम मांडले होते. एक दौतीतल्या शाईसारखा गडद, एक धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखा फिका. चष्मेवालीनं भिंग लावून एकेक पारखला आणि शेवटी एकावर थांबली. रंग भरपूर, आणि तरी हलवला की आतून उजेड उसळायचा. पोटात केसाएवढी एक रेघ होती.

"हाच," ती म्हणाली. "ही रेघ आहे तर असू दे, दिसतेय ना. दिसणारा दोष मला चालतो. लपवलेला सापडला तर मी तोंड बघणार नाही, खड्याचं काय आणि माणसाचं काय."

मेहुण्यानं मान डोलावली आणि ते वाक्य त्याच्या पोटात जाऊन बसलं. जवाहिऱ्यानं खडा कागदाच्या पुडीत घालून त्याच्या हाती दिला. घरच्या उजेडातही बघून घ्या, उद्या संध्याकाळी पक्कं सांगा, मगच कोंदणात बसवतो, अशी त्याची पद्धत. सोबत एक चिमटा दिला आणि ह्यानंच धरा म्हणून बजावलं.

आता चष्मेवाली खडा बघायला यायची होती. मेहुण्यानं पुडी उघडली तर आत मळकट, मेलेलं, निळसर काहीतरी पडलेलं.

"ती म्हणेल, मी बदलला. स्वस्तातला आणून ठेवला," मेहुणा म्हणाला. "भाऊजी, लग्न मोडेल माझं."

"मोडू देतो की काय," भाऊजी म्हणाले. विचार करायचा म्हणून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या डोक्याला नेहमीच एवढं तेल असे की ताई त्यांना चांगल्या उशीवर झोपू देत नसे. मग त्याच हातानं त्यांनी खडा उचलला.

"चिमटा, भाऊजी."

"तीच तर मेख आहे. जवाहिऱ्यानं चिमटा का दिला? स्वतःच्या बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून. खडा त्यानं बदलला."

मेहुण्यानं भिंग लावून पाहिलं. पोटातली रेघ जिथल्या तिथे होती. खडा तोच होता, नुसता काळवंडला होता.

"मग रंग गळाला," भाऊजी म्हणाले. त्यांनी पुन्हा केसांतून बोटं फिरवली आणि खडा हातरुमालावर घासून पाहिला. रुमालावर निळं काही उतरलं नाही. एक पिवळसर डाग मात्र उमटला. "पाहिलंस? आतून पिवळा आहे."

त्यानंतर भाऊजींची बुद्धी सुटलीच. खड्याला प्रवास सोसला नाही. भिंतीच्या निळ्या रंगानं त्याचा रंग ओढून घेतला. शेवटी त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "ह्या लग्नानं तुझ्या बहिणीचं काही बिघडतंय का?"

"अहो, मी इथंच आहे," ताई दारातून म्हणाली. "आणि बिघडत असलंच तर ते बत्तीस वर्षांपूर्वी बिघडलंय."

प्रत्येक तर्कागणिक खडा भाऊजींच्या बोटांत फिरत होता आणि मेहुण्याला तो आणखीच काळा दिसत होता. आपल्याच डोळ्यांपुढे अंधारी येतेय, असं त्याला वाटलं.

"आता एकच मार्ग," भाऊजी म्हणाले. "खिडकी बंद कर, दिवा लाव. तिला सांग, नीलम दुपारी असाच दिसतो. ठाम बोललं की बायका ऐकतात."

"कोण ऐकतं?" ताईनं विचारलं.

तेवढ्यात बेल वाजली. मेहुण्यानं चिमट्यानं खडा घाईघाईत पुडीत टाकला. चष्मेवाली आत आली, चपला काढल्या आणि थेट म्हणाली, "दाखव."

भाऊजी मागून खुणा करत होते. मेहुण्यानं ठाम बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि त्याला दरदरून घाम फुटला.

"खडा बिघडलाय," तो म्हणाला. "काल चांगला होता, आज असा झाला. कसा ते मला कळत नाही. मी बदललेला नाही. तुला पटणार नाही, पण नाही बदलला."

तिनं पुडी हातात घेतली, खडा तिरका धरून पाहिला आणि पर्समधून चष्मे पुसायचं फडकं काढलं. समोर आलेली कुठलीही काचेसारखी गोष्ट आधी पुसायची, ही तिची दुकानातली सवय. खड्यावर तिनं तोंडाची वाफ सोडली, वरून पुसला, उलटा करून खालून पुसला, पुन्हा वाफ सोडली, पुन्हा पुसला. मग चिमट्यात धरून तो खिडकीपाशी नेला. कालचा निळा उजेड जसाच्या तसा उसळला.

"तेल आहे," ती म्हणाली. "खालच्या बाजूला तेल लागलं की उजेड आत जातो तो परत येत नाही. हात कोणी लावला?"

ताईनं नुसतं नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं.

"सकाळी हा अंघोळीला गेला होता तेव्हा मी प्राथमिक तपासणी केली होती," भाऊजी म्हणाले. "म्हणजे गुन्हेगार घरातलाच आहे हा माझा अंदाज बरोबर निघाला."

मेहुणा मटकन खुर्चीत बसला. "तुला एकदाही वाटलं नाही, मी बदलला असेल?"

"तू?" चष्मेवाली म्हणाली. "साधं बोलताना तुला एवढा घाम येतो. खोटं बोलायला लागलास तर घरात पूर येईल. खडा निवडायच्या आधी मी एवढं तरी बघून घेतलंय."

मेहुण्याला इतका आनंद झाला की तो नुसता तिच्याकडे बघून हसत राहिला, आणि तीही हसली.

"केस मिटली," भाऊजी म्हणाले. "पण खात्रीसाठी शेवटचं एकदा बघू दे जरा." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि खड्याकडे नेला.

दोघांनी एकदम त्यांचं मनगट धरलं, एकानं डाव्या बाजूनं, एकीनं उजव्या. लग्न ठरल्यापासून एका गोष्टीवर त्या दोघांचं इतकं झटपट एकमत झालं नव्हतं.