नदीवेस पेठेच्या उमेदवारीची हकीकत

श्रीगजानन, श्रीशारदा आणि नदीवेशीची ग्रामदेवता यांसी नमन करून, जे डोळां देखिले आणि जे खात्रीच्या माणसांमुखी ऐकिले, ते येथे लिहिले आहे. खरे उतरले तर देवीची कृपा, चुकले तर हात आमचा.

शके एकोणीसशे तेहेतीस, खरनाम संवत्सरे, कार्तिक मासी हे वर्तमान जाहले. एक राज्य होते, राज्यात एक नगर, आणि नगरात नदीवेस नामे पेठ. पेठेतून निवडून येऊन नगरसभेत जो बसेल तो पेठेचा धनी, ऐसी चाल. आणि सरदार हैबतराव तीन वेळा निवडून येऊन पंधरा वर्षे ती जागा राखून होते. त्या साली राजधानीत चिठ्ठ्या काढिल्या, तो नदीवेशीची जागा स्त्रियांकडे गेली. वर्तमान येताच अवघ्या पेठेच्या मुखी एकच नाव आले, ते चंद्राक्का बुरूड यांचे. आक्का सुपे-टोपल्या विणून संसार करीत आणि वीस वर्षे सरदारांच्याच पक्षाची चाकरी करीत. कोणाचे रेशनकार्ड अडले, कोणाच्या नळास पाणी नाही, कोणाचे म्हातारे माणूस दवाखान्यात पडले, तर आक्का पायात वहाणा घालून निघत, आणि काम होईतो कचेरीच्या बाकावरून उठत नसत. परंतु जागा घराबाहेर जावी हे सरदारांच्या जिवास मानवेना. त्यांचे पुत्र रणधीरजी, आणि रणधीरजींची स्त्री मैथिलीबाई, वय सव्वीस, परगावच्या, लग्नास तीन वर्षे जाहलेली. माहेरी शाळेत भूगोल शिकवीत, सासरी आल्यावर ते सुटले. सरदारांनी एके दिवशी जेवता जेवता सांगितले, की सूनबाई, नगरसभेस यंदा तुम्ही उभे राहायचे. पुसिले नाही, सांगितले. बाईंनी बरे म्हटले आणि मग आत जाऊन ओट्यापाशी उगीच उभ्या राहिल्या. कारण चित्तात भय होते तैसा थोडा हर्षही होता, की पुन्हा घराबाहेर काही काम करावयास मिळेल.

पक्षाची रीत ऐसी, की एका जागेस दोन नावे आली तर पेठेतील कार्यकर्त्यांनी चिठ्ठी टाकून कौल द्यावा, आणि ज्यास चिठ्ठ्या अधिक त्यास उमेदवारी. त्याप्रमाणे राजधानीहून निरीक्षक दिनकरपंत आले, मंगल कार्यालयात दरबार भरविला, दारात यादी घेऊन कारकून बसविला. आणि बुरूडगल्लीतील माणसे येऊ लागली तो कारकून म्हणे, नाव नाही. दुसरा आला, नाव नाही. म्हातारे शिवाप्पा आले, त्यांचेही नाव नाही. आणि सरदारांच्या मळ्यावरची, गिरणीतली, जी माणसे पक्षाच्या सभेस कधी फिरकली नव्हती, ती एकामागून एक आत गेली. आक्का निरीक्षकांपुढे उभ्या राहून बोलिल्या, की यादी सर्वांदेखत वाचून दाखवावी. पंत बोलिले, यादी गुप्त असते. मग मोजणी होऊन मैथिलीबाईंस एकशे एकतीस चिठ्ठ्या आणि आक्कांस शहाण्णव. तेव्हा बुरूडगल्ली उठली, पक्ष सोडू म्हणाली, झेंडे काढून ठेवू लागली. पंतांनी मसलत केली, आणि उमेदवारीच्या कागदावर मैथिलीबाईंच्या नावाखाली पर्यायी उमेदवार म्हणोन चंद्राक्कांचे नाव लिहविले, की मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद जाहला अथवा मागे घेतला, तर पक्षाची उमेदवारी पर्यायी नावास जावी. हा रिकामा मान हे सर्व जाणून होते. आक्कांनी अर्ज भरिला आणि गल्लीस इतकेच सांगितले, की पक्ष म्हणजे घर, ते मोडायचे नाही.

मैथिलीबाई तेव्हा आतल्या खोलीत बायकांत बसल्या होत्या, त्यांस दारातले काही ठाऊक नव्हते. पेठेने आपणांस निवडिले ऐसे समजून त्या संतोष पावल्या, माहेरी फोन करून आईस सांगितले. मग सरदारांनी आज्ञा केली, की सूनबाईंनी आक्कांस संगती घेऊन घरोघर फिरावे, म्हणजे रुसवा गेला ऐसे लोकांस दिसेल. आक्का आल्या. तीन दिवस दोघी फिरल्या, आणि आक्का प्रत्येक उंबऱ्याशी थांबून सांगत, की ह्या घरी मुलगी बारावीस आहे, तिला अभ्यासास जागा नाही. ह्या घरी मागल्या महिन्यात माणूस गेले, येथे हसत जाऊ नका. ह्या म्हाताऱ्यास ऐकू येत नाही, हात हातात घ्या, पुरे. उन्हे चढली की आक्का आपल्या पदराने बाईंच्या कपाळीचा घाम टिपीत. आणि बाईंस वाटे, की तीन वर्षांत ह्या गावात आपणांस कोणी इतुके काही शिकविले नाही. चौथे दिवशी बुरूडगल्लीत गेल्या. शिवाप्पा बांबूचे कांबट सोलीत बसले होते, त्यांनी मान वर न करिता म्हटले, "पंचवीस वर्षं झेंडा मी लावलाय, वैनीसाहेब. दारातनं परत पाठवलं मला." आक्कांनी बोलणे दुसरीकडे नेले. परंतु गल्लीच्या टोकाशी येताच बाई उभ्या राहिल्या आणि पुसिले, की किती माणसे परत पाठविली? आक्का म्हणाल्या, त्रेचाळीस.

बाईंनी मनात हिशेब केला, शहाण्णवांत त्रेचाळीस घातले, आणि तोंड उतरले. मग म्हणाल्या, "मग तुम्ही माझ्याबरोबर का फिरता, आक्का?"

आक्का म्हणाल्या, "तुम्ही काय केलंय? आन् निवडून तुम्हीच येणार. गल्ली तुम्हास्नी कुणी दाखवायला नको का? न्हाईतर आमच्या पाण्याचं बघणार कोण?"

हे ऐकून बाई तेथेच पायरीवर बसल्या, आणि आक्का शेजारी बसल्या, आणि पाठीवरून हात फिरवीत राहिल्या, जणू अन्याय बाईंवरच जाहला होता.

दुपारी सरदार वामकुक्षीहून उठताच बाई समोर गेल्या आणि यादीचे पुसिले. सरदार लपविते जाहले नाहीत. म्हणाले, राजकारणात ऐसे करावे लागते, आणि हे सर्व तुमच्यासाठीच केले. बाई म्हणाल्या, "मामंजी, मला हवं का, ते तुम्ही विचारलं नव्हतं." सरदारांनी वर्तमानपत्र उघडिले. मग बाईंनी रणधीरजींस सर्व सांगितले, आणि आपण अर्ज मागे घेणार ऐसे सांगितले. रणधीरजी मनाने चांगले, परंतु वडिलांपुढे कधी तोंड उघडिले नव्हते. खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "आबांना सांगणं माझ्याच्यानं होणार नाही, मैथिली. पण गाडी मी चालवीन." बाईंस तेवढ्याने मोठा आधार आला.

दुसरा दिवस अर्ज मागे घेण्याचा शेवटचा, तीन वाजेपर्यंत मुदत. सव्वादोनास दोघे निवडणूक कचेरीत पोहोचले. अधिकाऱ्यांनी कागद पाहून बाईंच्या मुखाकडे पाहिले आणि रीतीप्रमाणे पुसिले, की कोणाचा दबाव आहे काय?

"भरताना होता," बाई म्हणाल्या. "आता नाही."

आणि सही केली. सही वाकडी आली, परंतु अधिकाऱ्यांनी ती चालविली. ऐसा तो रिकामा मान एका सहीने भरला, आणि चंद्राक्का बुरूड पक्षाच्या उमेदवार जाहल्या.

वर्तमान घरी पोहोचले तेव्हा सरदार ओरडले नाहीत. ओरडते तर बरे, ऐसे बाईंस वाटले. बाहेरच्या खोलीत ताट मागवू लागले, सुनेशी बोलेनात, पुत्राशी बोलेनात. बाई दोन्ही वेळ ताट नेऊन ठेवीत आणि दाराशी क्षणभर उभ्या राहून परत येत. ऐसे नऊ दिवस गेले. दहावे दिवशी सकाळी चंद्राक्का बंगल्यावर आल्या, आणि ज्या खोलीत कोणी बसत नव्हते तेथे जाऊन सरदारांसमोर बसल्या. आतून बाई ऐकत होत्या. आक्का म्हणाल्या, की मला भाषण येत नाही, गिरणीकडची निम्मी पेठ तुमच्या शब्दाने चालते, तुम्ही बोलला नाही तर मी पडेन, आणि पक्षही पडेल.

सरदार बोलिले, "तुला माझा राग नाही?"

"हाय की," आक्का म्हणाल्या. "निवडणूक हुंदे. मग धरते."

तेव्हा नऊ दिवसांनी सरदारांस हसू आले, आणि हसता हसता डोळ्यांस पाणी आले, आणि ते पुसीत म्हणाले, की सूनबाई, आक्कास चहा आणा, आणि मलाही. त्याच सायंकाळी गिरणीपुढे सभा केली, आणि सर्वांदेखत सांगितले, की यादी मी बदलविली होती, ते वाईट केले. आक्का एकशे बारा मतांनी निवडून आल्या. राग धरायचा राहून गेला, कामे फार होती.

पुढे पाच वर्षे आक्कांनी कारभार केला, आणि मैथिलीबाई रोज त्यांच्या संगती जात, अर्ज लिहीत, नकाशे काढीत, नळाची वाट आखीत. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरे पुन्हा निवडणूक आली, तेव्हा आक्का म्हणाल्या, गुडघे थकले. मग मैथिलीबाईंनी कोणी न सांगता आपल्या हाताने नाव दिले. दुसरे नाव फळवाल्यांची कन्या रुक्साना बागवान हिचे आले, ती हुशार, पायाला भिंगरी असलेली. आठ दिवस आधी यादी भिंतीवर चिकटविली, गुप्त काही राहिले नाही, आणि चिठ्ठ्या मोजावयास स्वतः हैबतराव बसले. रुक्सानास एकोणीस अधिक. सरदारांनी आकडा दोनदा मोजिला आणि मोठ्याने सांगितला. बाईंनी उठून रुक्सानाचा हात धरिला आणि उद्यापासून कोठून फिरावयाचे ते सांगू लागल्या.

घरी जाताना सासरे-सून पायीच निघाले. सरदार आता सावकाश चालत. पुलाशी येऊन पुसिले, "वाईट वाटलं?"

"फार वाटलं, मामंजी," बाई म्हणाल्या. "पण ह्या वेळी हरले ती मीच हरले."

सरदारांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेविला, आणि तसाच ठेवून उरलेली वाट चालले.

येणेप्रमाणे नदीवेशीच्या उमेदवारीचे वर्तमान आहे. यात लढाई नाही, गड पडला नाही, राज्य होते तैसेच आहे. एका पेठेत काही माणसे एकमेकांशी नीट वागली, तेवढे नोंदून ठेविले. लेखनसीमा.