चुलबंद पलटण

सकाळचे सात वाजले. मूर्तिजापूर स्टेशनावर पलटण न्यायला चार डबे उभे होते, डब्यांपुढे बाजा उभा होता, बाजापुढे तुरुंगाचे गोरे साहेब उभे होते, आणि पलटण नव्हती.

दिवस करीचा, म्हणजे पोळ्याचा दुसरा. जर्मनची लढाई सुरू होऊन तीन वर्षे झाली होती. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले, जेलर वामनरावांनी साहेबांकडे पाहिले, आणि भरती-जमादार खुशालरावाने लाल पटका सावरून रस्त्याकडे पाहिले. रस्त्यावर एक गाढव होते. ते भरतीसाठी आलेले नव्हते.

"खुशालराव, आदमी किधर है?"

"येऊनच राह्यले, साहेब!"

"कब?"

"आता येतीन! आपून ज्याले आवतन देल्लं तो आला नाही, असं आजलोक झालं नाही!"

आता हा खुशालराव कोण, ते सांगायला हवे. पाच वर्षांपूर्वी दर्यापुरापासून बार्शीटाकळीपर्यंत रडके मूल याच्या नावाने गप्प होत असे. पाटलाने कुलूप बदलले की हा किल्ली बदलायचा. त्याचा जोडीदार शालिकराम तर असा ताकदवान, की एकदा तिजोरीवर झोपलेला पहारेकरी त्याने अलगद उचलला, ओसरीत निजवला, वर घोंगडी घातली आणि मग तिजोरी नेली. पहारेकरी सकाळी म्हणाला, अशी झोप लग्नानंतर पहिल्यांदाच लागली!

खुशालरावाची एक रीत होती. न सांगता कुणाच्या घरी जायचे नाही. आठवडाभर आधी घरमालकाला आवतन जायचे, 'शुक्रवारी येतो.' शुक्रवारी दिवेलागणीला पुन्हा माणूस जायचा, 'निघालो, ताटं मांडा.' घरची माणसे घाबरून स्वयंपाक करायची. हा जेवायचा, स्वयंपाकाला नाव ठेवायचा नाही आणि मग दरोडा घालायचा. पकडला गेला तोही याच रीतीने. त्या शुक्रवारी दुसरे सांगणे पोहोचले तेव्हा ओसरीत फौजदारच बसलेले होते.

तुरुंग कोणता, ते विचारू नये. अकोल्याचे लोक म्हणतात अमरावतीचा, अमरावतीचे म्हणतात अकोल्याचा. तिथे दोघेही सुधारले. साहेबांच्या मते ते साहेबांच्या उपदेशाने सुधारले. खरे कारण मनकर्णा, म्हणजे खुशालरावाची बायको. तिचा वांग्यांचा आणि झेंडूचा मळा होता. भेटीला आली तेव्हा ती जाळीतून म्हणाली, "काहो, वरूडहून संत्र्याची कलमं आनून लावली म्या. फळ धराले सहा वर्सं लागतेत. तुमची उरली सात. फळ तुमी खानार का माकडं, थे तुमीच ठरवा."

खुशालरावाने त्याच दिवशी ठरवले.

तेवढ्यात सरकारला लढाईसाठी समुद्रापार बसऱ्याकडे ओझी वाहायला माणसे हवी झाली. जो कैदी जाईल त्याची उरलेली शिक्षा माफ! पण कैदी तयार होईनात. तेव्हा साहेबांनी डोके चालवले. चोराला चोरच आणू शकतो. खुशालराव आणि शालिकराम यांना खाकी कोट चढवून भरतीवर नेमले. अट एकच. चाळीस माणसांची पलटण गाडीत बसवा, दोघांची माफी जागेवर हातात देतो. माफीचा कागद साहेबांच्या आतल्या खिशात तयार होता. पलटण बसली नाही, तर पुन्हा सात वर्षे.

"चाळीस?" खुशालराव छाती फुगवून म्हणाला होता. "चाळिसाचे एकेचाळीस करतो, साहेब!"

त्याने बराकीत भाषण केले. समुद्र, आगबोट, खजूर, पगार, सगळे सांगितले. कापसाच्या गाठी चोरणारा देविदास हात वर करून म्हणाला, "दादा, तथी पोळा असते काय?"

"तथी बैलच नाहीत. उंट हायेत."

"मंग उंटाचा पोळा असते?"

"नसते, बाप्पा."

बराक गंभीर झाली. मग चाळीस जण एका आवाजात म्हणाले, "लढाईले येतो. पन यंदाचा पोळा घरी करून!"

वामनराव मध्ये पडले. ते पुण्याकडचे. "साहेब, आमच्याकडे बाहेर सोडलेला कैदी परत येत नाही!"

"खुशालराव जामीन है," साहेब म्हणाले.

खुशालरावाने बराकीच्या दारात उभे राहून प्रत्येकाला हात जोडले. "करीच्या दिसी सकाऊन मूर्तिजापूर टेसनावर. आवतन हाये, बरं का!" प्रत्येक जण म्हणाला, "येतो, दादा." आणि चाळीस कैदी पोळ्याला घरी गेले.

तर आता करीची सकाळ होती आणि आठ वाजले होते.

"भाग गया!" साहेब ओरडले. "सब भाग गया!"

मनकर्णा फलाटाच्या टोकाला चाळीस हार घेऊन बसली होती. शिवाय पलटणीला निरोपाचे जेवण म्हणून हातगाडीभर वांगी ओढून आणली होती. तिने एक हार उचलला आणि पाणी शिंपडून परत टोपलीत ठेवला. तो हार खुशालरावाला बेडीपेक्षा जड वाटला.

"साहेब," तो म्हणाला, "संध्याकाळच्या गाडीलोक टाइम द्या. पलटण आनतो. नाही आनली तं बेडी मीच आनतो!"

साहेबांनी स्टेशनमास्तरला इंग्रजीत सांगून ठेवले, "डबे भरले की संध्याकाळच्या गाडीला जोडा. मला विचारू नका." आणि ते पहिल्या वर्गाच्या खोलीत आडवे झाले.

करीच्या दिवशी वऱ्हाडात कुणी बैल जुंपून देत नाही. खुशालराव आणि शालिकराम धावतच निघाले. सगळ्यांत जवळचे गाव देविदासचे. आणि पाहतात तो काय! देविदास स्वतःच्या ओट्यावर बसलेला. धुतलेले धोतर, कपाळाला गंध, पायात जोडे, शेजारी बांधलेले गाठोडे. आणि तोंड भाकरीसारखे फुगलेले!

"देविदास! काहून आला नाही, लेका?"

"बलावणं आलं काय?"

"म्या आवतन देल्लं होतं ना!"

"आवतन पावलं. बलावणं कोठी हाये? सकाऊनपासून उपाशी बसलो. 'चाला' म्हनाले एक मानूस आला नाही. मंग आगंतुकावानी टेसनावर जाऊन उभं राहू? मी चोर असीन दादा, पन बिनमानाचा नाही!"

खुशालरावाने कपाळावर हात मारला. आवतन म्हणजे फक्त यायचे आहे एवढे कळवणे. चुलीवरून भांडी उतरली की यजमानाचा माणूस दारात येऊन 'चाला' म्हणतो, ते बलावणे. तोपर्यंत पोटात कावळे कोकलले तरी वऱ्हाडी माणूस ओट्यावरून हलत नाही. चाळीस गावांत चाळीस ओट्यांवर चाळीस माणसे अशीच फुगून बसलेली असणार!

"दादा," शालिकराम हळूच म्हणाला, "दरोड्याले आपून दोनदा सांगाव धाडत होतो. अन् लढाईले एकडावच?"

"चूप राह्य! कोतवालाले बलाव. डफड्यावर बलावणं करू. या गावचं डफडं त्या गावाले, त्या गावचं पुढच्याले!"

डफडे घेऊन कोतवाल आला. पण देविदास उठण्याआधी त्याची आई पार्बताबाई दारात आली. मागे सासरा, सून, दोन नातवंडे आणि शेजारपाजार.

"काहो खुशालदादा, पोराले नेता अन् मायले घरी ठेवता? करीच्या दिसी?"

"मावशी, लढाई हाये थे..."

"लढाई असो का लगन असो! बलावणं कोन्तं हाये थे सांगा. एका मानसाचं का चुलबंद?"

चुलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. आज्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांनी यायचे. शेजार कान टवकारून उभा होता. शालिकराम मागून कोट ओढत होता. पण ज्याच्या नावाने मुलूख हालला, त्याने चारचौघांत एका माणसाचे बलावणे द्यावे?

"चुलबंद!" खुशालराव गरजला.

बोल तोंडातून सुटला आणि डफड्यावर टिपरी पडली. दवंडीत तीन गोष्टी असतात. कोण बोलावतो, कुठे, आणि बलावणे कोणते. कशाला, ही चौथी गोष्ट दवंडीत कधीच नसते.

"दादा," शालिकराम म्हणाला, "डफडं काय फकस्त चाळीस घरायलेच आयकू येते?"

दुपारी त्याचे उत्तर आले. दर्यापूरच्या रस्त्याने आले, कारंज्याच्या रस्त्याने आले, शेतांच्या धुऱ्यांवरून आले. म्हातारे, लेकुरवाळ्या, माहेरी आलेल्या पोरी, त्यांचे नवरे, रंगीत शिंगांचे बैल, दोन बकऱ्या! प्रत्येकाच्या हातात स्वतःचे ताट आणि तांब्या. आणि त्या गर्दीत, गंध लावलेले, समाधानी चेहऱ्याचे चाळीस कैदी. एकही कमी नाही!

साहेब डोळे चोळत बाहेर आले.

"ये सब कौन?"

"नातेवाईक, साहेब," वामनराव कसेबसे म्हणाले.

साहेबांनी टोपी काढली. "फौज को बिदा करने पूरा मुल्क आया!" त्यांनी खुशालरावाची पाठ थोपटली आणि आतल्या खिशावर हात ठेवून म्हणाले, "गाडी छूटेगी, कागज मिलेगा." मग ते परत आत गेले, आणि गाडी आली तसे थेट इंजिनाजवळच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात जाऊन बसले.

इकडे पार्बताबाईने ताट वाजवले. "वाढप कवा होते, बाप्पा?"

खुशालराव मनकर्णाकडे गेला. ती कमरेला पदर खोचून उभीच होती.

"काहो, किती मानसं सांगतली होती?"

"चाळीस."

"अन् हे?"

"चुलबंद."

मनकर्णाने वांग्यांच्या हातगाडीकडे पाहिले. "पलटनीच्या शिध्याचं पीठ कोठी हाये?"

शिधा निघाला. गोवऱ्यांचे जगरे पेटले. रोडगे भाजले गेले, वांग्यांची भाजी रटरटली, वरणाचे आणि भाताचे हंडे चढले. आलेला माणूस उपाशी पाठवायचा नाही, मग तो सरकारच्या शिध्यावर का जेवेना! पण पंगत बसवायची कुठे? फलाटावर सगळा काळा चिखल. खुशालरावाने इकडेतिकडे पाहिले. समोर चार डबे. कोरडे, लांब बाकांचे, झाडून ठेवलेले.

"डब्यात बसवा!" तो म्हणाला.

डबे भरले. आणि वाढणार कोण? यजमानाची माणसे. खुशालरावाची माणसे कोण? चाळीस कैदी! कुणाला सांगावे लागले नाही. देविदासने वरणाची बादली उचलली, कुणी भाजी, कुणी रोडगे, कुणी मीठ. इतकी शिस्तीची पलटण साहेबांनी कवायतीतही पाहिली नसेल. खुशालराव स्वतः तूप वाढत होता. यजमान शेवटी जेवतो.

"भात आन रे, देविदास!" पार्बताबाई खिडकीतून ओरडली.

"आनतो, माय!"

चाळीस जण भात घ्यायला हंड्याकडे उतरले, तुपासाठी खुशालरावही. स्टेशनमास्तरने चार डब्यांकडे पाहिले. भरले होते. त्याने ते गाडीला जोडायला सांगितले. डब्यांना धक्का बसला, वरण सांडले, बाजावाल्यांना वाटले हीच वेळ, आणि त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. गार्डाने हिरवी झेंडी दाखवली.

गाडी निघाली!

गाडीत आजे, आज्या, सुना, जावई आणि पाळण्यातली पोरे. फलाटावर झारे, बादल्या आणि संपूर्ण पलटण.

"थांबवा!" खुशालराव ओरडला. पण बाजा छान वाजत होता. शेवटच्या डब्यातून पार्बताबाईचे डोके बाहेर आले.

"देविदास! चाल ना, लेका! ताट मांडलं हाये, वरण थंडं होते!"

देविदास क्षणभर थबकला. मग त्याने भाताची परात डोक्यावर घेतली आणि रुळाच्या कडेने धावू लागला. पाठोपाठ एकोणचाळीस. पाठोपाठ वरणाचा अख्खा हंडा खांद्यावर घेऊन शालिकराम.

खुशालराव मनकर्णापुढे उभा होता. हातात तुपाची वाटी.

"काहो, अन् माफी?" तिने विचारले.

"साहेबाच्या खिशात."

"अन् साहेब?"

दोघांनी धुराकडे पाहिले. मनकर्णाने टोपलीतला एक हार काढून त्याच्या गळ्यात घातला. "मंग उभे काहून? पया!"

खुशालराव पळाला.

वामनराव तारेचा मजकूर लिहायला बसले. कैदी पळून गेले म्हणावे, की लढाईवर रवाना झाले म्हणावे? दोन्हींची दिशा एकच होती. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

पहिली तार साहेबांची, अकोल्याहून. डब्यातल्या लोकांना उतरायला सांगितले, पण अर्ध्या ताटावरून कुणी उठायला तयार नाही. एक म्हातारी भात मागते. नाइलाजाने पुढे नेत आहे. खुशालराव कुठे आहे?

दुसरी तार बोरगावच्या स्टेशनमास्तरची. बादल्या घेतलेली माणसे एका पावलाने पश्चिमेकडे गेली. गळ्यात हार घातलेल्या लाल पटकेवाल्याला थांबवले. तो म्हणाला, थांबता येत नाही, बलावणे आले आहे.

त्यानंतर तार नाही. मनकर्णाने आज संत्र्याच्या कलमांना पाणी दिले. चूल मात्र तिने पेटवलेली नाही. बलावणे चुलबंद होते, आणि वाढणारा अजून परत आलेला नाही.