कांबळे सरांनी उतरवलेली पट्टी

आमची ही ओटीवर बसून बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होती. शेजारचे कांबळे सर कुंपणाशी थांबले, पाच-सहा वाल सोलून होईपर्यंत बघत राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, याला एक प्लगिन पाहिजे."

ही आत येऊन मला विचारते, "प्लगिन म्हणजे कसली विळी हो?"

चूक माझीच. मी तळा गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. वडील पोलिसांच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांच्याकडून सर पाच रेघांवरचं नोटेशन शिकले आणि वस्तीतल्या चौदा जणांचा बँड उभा केला. क्लॅरिनेटचा कागद एका पट्टीत, सॅक्सोफोनचा दुसरीत. सगळे कागद सर हातानं लिहायचे. बोटाला घट्टा पडला होता. म्हणून मी त्यांना नोटेशनचं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि त्याला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे प्लगिन, दाखवले. एकानं सगळ्या गाण्याची पट्टी बदलते. दुसऱ्यानं प्रत्येकाचा कागद सुटा होतो. तिसऱ्यात प्रत्येक वाद्याची मर्यादा भरून ठेवायची. तिच्या वर गेलेला सूर लाल होतो.

सर बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी तीस वर्षं हमाली केली."

तेव्हापासून त्यांना जगात सगळीकडे हमालीच दिसायला लागली. दिघीच्या जेटीवर फेरीबोटीत गाड्या एकेक करून उलट्या चढवत होते, तर सर तिथल्या माणसाला म्हणाले, "सगळ्या सिलेक्ट करून एकदम फिरवता येत न्हाय काय?" लग्नात आहेर घ्यायला उभ्या असलेल्या नवरा-नवरीची त्यांना दया येई. प्लगिनांवर त्यांची माया वर्गातल्या हुशार मुलांवर असावी तशी. कुणी कागदात चूक काढली की म्हणायचे, "मशीन चुकत न्हाय. माणूस चुकतो." आणि तो माणूस बहुतेक वेळा स्वतः सरच निघायचे. तेही ते आनंदानं सांगत.

बँडात धर्मा अण्णा ट्रम्पेट वाजवतात. पंचाहत्तरीचे असतील. गेल्या हिवाळ्यात त्यांनी कवळी बसवली. पुढे नागावला एका लग्नात वरचा सूर घेताना कवळी हलली आणि ट्रम्पेटमधून फुग्यातली हवा सुटावी तसा आवाज आला. मांडवात हशा पिकला. अण्णांनी वाद्य पिशवीत घातलं. पुढच्या तालमीला आले नाहीत. निरोप आला, गुडघे दुखतात.

"ट्रम्पेट काय गुडघ्यानं वाजवतात?" सर म्हणाले आणि उठून अण्णांच्या घरी गेले.

आठवड्याभरानं जयंतीच्या तालमीला सगळ्यांना नवे कागद मिळाले. अण्णाही आले होते, खुर्ची भिंतीकडे सरकवून. दोन ओळी वाजवल्या आणि शीतल थांबली. शीतल आरोग्य केंद्रात नर्स आहे, बँडातली सगळ्यात तयार क्लॅरिनेट.

"सर, सगळं उतरलंय. आणि बोटं किती वाकडी पडतात! जुनी पट्टीच बरी होती."

"प्लगिन बिघडलं," सर म्हणाले.

सगळ्यांनी कागदावरून माना वर केल्या.

"बिघडलं?" शीतलनं विचारलं.

"व्हय. आपोआप खाली नेलं त्यानं. आता चौदा कागद परत कोण काढणार? वाजवा असंच."

पोरं कुरकुरत वाजवायला लागली. अण्णांनी पहिली ओळ जपून घेतली. दुसरी जरा मोकळी. तिसऱ्या ओळीला खुर्ची आपोआप पुढे आली.

बिघाड काढावा म्हणून दुसऱ्या दिवशी मी सरांचा कॉम्प्युटर उघडला. प्लगिन ठणठणीत होतं. मर्यादेच्या यादीत क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट अशी नावं होती, आणि सगळ्यात खाली सरांनी स्वतः भरलेलं एक वाद्य: 'धर्मा अण्णा'. त्याची वरची मर्यादा ट्रम्पेटपेक्षा बरीच खाली होती.

सर माझ्यामागे चहा घेऊन उभे होते. कप ठेवत म्हणाले, "त्यांच्या ओटीवर बसून एकेक सूर वाजवून घेतला. त्यांना सांगितलं, ट्रम्पेट तपासतोय."

"त्यांच्या एकट्याचा कागद बदलायचा ना."

"त्यांना लगेच कळलं असतं." सर म्हणाले, "अरे, पहिल्यापासून ते माझ्या डाव्या हाताला उभे राहतात. ते आले न्हाईत त्या दिवशी त्या बाजूनं नुसता वारा येत होता. मला माझीच मात्रा सापडेना."

जयंतीच्या मिरवणुकीत अण्णा बाजारपेठेपासून बुद्धविहारापर्यंत एकदाही खाली बसले नाहीत. शेवटी घाम पुसत, ट्रम्पेट काखेत मारून सरांजवळ आले. शीतल आणि मी तिथंच पाणी पीत होतो.

"सर, पट्टी आता खालीच ठेवा," अण्णा हळूच म्हणाले. "ह्या पोरींना वरचं झेपत न्हाय. बोलत न्हाईत बिचाऱ्या."

सरांनी शीतलकडे पाहिलं. तिनं सरांकडे पाहिलं, मग अण्णांकडे. कधी कळलं होतं तिला, कोण जाणे.

"व्हय अण्णा," शीतल म्हणाली. "फार दम लागतो."