सोपानतात्यांचे लुकण

सोपानतात्या कुणाच्याही घरी गेले की माणसांची विचारपूस करत नसत. उंबऱ्यात उभे राहून ते एवढेच विचारत, "कुठं गळतं?"

लग्नाला गेले तरी तेच आणि सुतकाला गेले तरी तेच. आमच्या केजमध्ये एका घरी म्हातारा वारला. तात्या भेटायला गेले, रडणाऱ्या बायकांच्या मधून वाट काढत थेट रांजणापाशी पोचले आणि बुडाखाली हात घालून ओल बघून आले. मग म्हाताऱ्याच्या मुलाजवळ बसून हळूच म्हणाले, "बाप गेला त्याला इलाज न्हाई. रांजणाला हाय."

लुकण म्हणजे भेगा बुजवायचा चिकट लगदा. सुतार, कासार, घर बांधणारे, सगळेच आपापल्या परीने लुकण करतात. तात्यांचे वेगळे होते. ते तरुणपणी मोमिनाबादच्या लष्करी छावणीत गाड्या आणि दारे रंगवायला होते. तिथे उरलेला रंग डब्यात सुकून जाई आणि डबे उकिरड्यावर जात. तात्यांना ते बघवेना. नोकरी सुटल्यावरही महिन्यातून एकदा ते चालत छावणीला जात आणि टाकून दिलेले डबे खरवडून पोतेभर रंगाच्या खपल्या घेऊन येत. त्या खपल्यांना ते साय म्हणत. दुधावरची साय कुणी टाकतं का, असे वर विचारत. कुणी हसले तर म्हणत, "मेलेला रंग न्हाई तो. निजलेला रंग हाय. उठवावा लागतो."

उठवायची रीत अशी. साय जवसाच्या तेलात आठवडाभर भिजवायची, लोखंडी कढईत मंद जाळावर शिजवायची, त्यात राळ घालायची, मग वस्त्रगाळ चुना आणि विटांची भुकटी घालून कणकेसारखे मळायचे. आमच्या परसामागे तात्यांचे छप्पर होते, तिथे हे सगळे चाले. वास असा की ज्या दिवशी कढई चढे, त्या दिवशी शेजारची म्हैस धार देत नसे. तात्यांच्या नखांवर सात रंग होते आणि त्यांचे धोतर दोरीवर वाळत घातले तर वारा आला तरी हलत नसे.

लुकण चांगले होते, यात वाद नव्हता. उलट ते जरा जास्तच चांगले होते. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, लोणच्याच्या बरणीचे झाकण हलते म्हणून त्यांच्याकडे दिले. ते लोणचे आम्ही शेवटी बरणी फोडून खाल्ले. कचेरीतले अंमलदार पेशकारसाहेब, यांची छत्री शिवणीत गळत होती, तीही तात्यांनी दुरुस्त केली. ती पुन्हा कधी उघडली नाही. साहेब भर उन्हात मिटलेली छत्री काठीसारखी टेकत हिंडत, आणि तात्या दिसले की तोंड फिरवत. एखादे भांडे पुन्हा गळले आणि मालक भांडायला आला, तर तात्यांचे उत्तर ठरलेले होते. "लुकण गळत न्हाई, भांडं गळतं. माझं जिथं लावलं तिथं बघा." बघितले तर खरेच दुसरीकडून गळत असे. आपले लुकण चुकले, असे त्यांनी आयुष्यात कधी म्हटले नव्हते.

मी तेव्हा सासरी नवीन होते. आमचे हे मोमिनाबादला मास्तर होते, पंधरा दिवसांनी येत. घरात आत्याबाई आणि मी. चार बायकांतसुद्धा माझे तोंड उघडत नसे, आणि आत्याबाईंना मुक्या सुनेपेक्षा भेगाळलेल्या भाकरीचा राग जास्त. माझी भाकरी रोज कडेला चिरत असे. एकदा तात्या पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि परातीकडे बघत राहिले. मला वाटले, आता हेही बोलणार. ते म्हणाले, "पिठाची विरी गेलीय, चिकटा राहिला न्हाई, सूनबाई. तुझा दोष न्हाई. आदनाचं उकळतं पाणी घाल आन् ते धरस्तवर मळ. लुकणाला जे लागतं तेच भाकरीला लागतं." त्या दिवसापासून भाकरी धरू लागली. आत्याबाईंनी कारण विचारले नाही, मीही सांगितले नाही.

तात्यांच्या छपरात एक मातीचा डेरा होता. उभा फुटलेला, मग लुकणाने सांधलेला. तो कायम पाण्याने भरलेला असे आणि त्याच्याखाली चाळलेली राख पसरलेली असे. थेंब गळला तर राखेवर खळगा पडतो, ही त्यांची परीक्षा. पण त्या डेऱ्यातले पाणी ते स्वतः पीत नसत, दुसऱ्याला पिऊ देत नसत. कुणी हात लावला तर अंगावर धावून जात. गल्लीतले लोक म्हणत, म्हाताऱ्याला वेड लागले आहे, आणि हसत.

हसणे एक दिवस थांबले. कढईतल्या तेलाने पेट घेतला आणि शेजारची कडब्याची गंजी अर्धी जळाली. माणसांना काही झाले नाही, पण गल्ली बिथरली. तक्रार कचेरीत गेली आणि ती नेमकी पेशकारसाहेबांच्या पुढ्यात आली. छप्पर पाडा, म्हाताऱ्याला कढईसकट वेशीबाहेर काढा, असा हुकूम होता होता राहिला तो आमच्या हौदामुळे.

आमच्या अंगणात सबंध गल्लीचा दगडी हौद होता. कचेरीची पखाल बैलावरून येऊन तो भरत असे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उगवतीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली आणि पाणी थांबेना. तेव्हापासून गल्लीतल्या बायका नदीत झरे उकरून घागरी भरत. हौद कचेरीच्या ताब्यातला, आणि छत्रीनंतर साहेब तात्यांना त्याला हात लावू देत नव्हते. तात्यांनी भरल्या कचेरीत सांगितले की हा हौद मी सांधून देतो. आठ दिवस भरून ठेवा. भोवती राख पसरा. राखेवर एक थेंब दिसला तर मी माझ्या पायांनी वेशीबाहेर जाईन. नाही दिसला तर छप्पर माझे. साहेबांनी मान डोलावली. आठव्या दिवशी सकाळी स्वतः बघायला येतो म्हणाले.

तात्यांनी भेगेत बाहेरून सायीचे लुकण भरले. आतून मात्र चुना, गूळ आणि बेलाचा गर. "पाण्याच्या अंगाला रंग लावायचा न्हाई. पोरंबाळं पितात," असे ते दोनदा म्हणाले. हौद भरला. भोवती हातभर रुंद राख पसरली, आणि तात्या समोर ठाण मांडून बसले. कोंबडी आली की हाकलायची, चिमणी आली की हाकलायची. पखालवाला शिंकला तर त्यालाही लांब उभे केले. सात दिवस ते तिथेच जेवले. हौदाची भिंत कोरडी होती, राख पिठासारखी होती.

मला रोज पहाटे अंगणात सडा टाकावा लागे. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी, तात्या समोर बसलेले असताना, बजावले होते. त्यांनाही दारातले पाणी हवे होते, दोन वर्षे घागरी वाहून त्यांची कंबर गेली होती. त्या म्हणाल्या, "राखंवर थेंब उडाला तर त्याच पावली माहेरी धाडीन. मग मास्तरला काय सांगायचं ते मी सांगन." त्या बोलत ते करत. आता वेगळ्या राहणाऱ्या थोरल्या जाऊबाईंना त्यांनी एकदा तीन वर्षे माहेरी ठेवले होते. मी सात दिवस तो कोपरा सोडून, वाकून, मुठीमुठीने सडा टाकला.

सातव्या दिवशी संध्याकाळी आत्याबाई म्हणाल्या, उद्या साहेब येणार, चार माणसे येणार, अंगण भरून सडा दिसला पाहिजे. मी हो म्हटले. पहाटे उठले तेव्हा पुरते दिसत नव्हते. साहेब येणार, अंगण भरून, एवढेच डोक्यात होते. तांब्या शेणाच्या पाण्यात बुडवला आणि हात माहेरच्या अंगणात फिरायचा तसा मोकळा फिरला. सडा टाकायला लहानपणी शिकलेल्या हाताला कोपरे सोडणे ठाऊक नसते.

तात्या त्या वेळी नदीवर गेले होते. शेवटचा दिवस म्हणून अंघोळ करून येतो म्हणाले होते. ही गोष्ट इतकी दुर्मीळ की आत्याबाईंनी त्यांना साबण दिला होता.

उजाडल्यावर मी दारातून बघितले. राखेवर सात-आठ टपोरे खळगे होते, नेमके भेगेखाली. राख सारखी करायला धावावे तर अंगणात तात्या शिरत होते, धुतलेल्या धोतरात, आणि त्यांच्या मागे मिटलेली छत्री टेकत पेशकारसाहेब, दोन शिपाई आणि निम्मी गल्ली. मी दाराआड झाले.

साहेबांनी छत्रीचे टोक राखेकडे केले. "तात्या, ये क्या है?"

मी दाराच्या फटीतून बघत होते. जाऊन सांगायचे होते एवढेच, की सडा माझ्या हातून पडला. चार शब्द. इतक्या पुरुषांपुढे मी कधी सावलीसुद्धा पडू दिली नव्हती. पाय उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

तात्या गुडघ्यांवर बसले. त्यांनी भिंतीवरून तळहात फिरवला. मग राखेची चिमूट उचलली, बोटांत चोळली आणि हुंगली. ते सगळेच हुंगून बघत.

आत्याबाई पुढे आल्या. त्यांची नजर राखेवरून अंगणावर आणि अंगणावरून दाराकडे आली. "सडा तर न्हवं?" त्या हळू म्हणाल्या. "आज सडा कसा टाकलाय बघू."

आता मी संपले, असे मला वाटले. तात्यांनी मान वर केली. दाराची फट त्यांना दिसली असावी. ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "सडा कशाला हुईल, बाई. लुकण गळलं. साय कच्ची राहिली, माझं चुकलं."

शिपायांनी एकमेकांकडे बघितले. तात्यांचे लुकण गळले हे ऐकायला केजमधले लोक इतकी वर्षे टपलेले होते, पण ऐकल्यावर कुणाला हसू आले नाही. साहेब म्हणाले, "सोच लो." तात्या म्हणाले, "सोचलं."

दुपारपर्यंत छप्पर उतरले. तात्यांनी कढई पाठीला बांधली, सायीचे पोते एका शिपायाने घेतले, आणि तो सांधलेला डेरा त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला, पाण्यासकट.

हौद अर्थातच गळला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. आत्याबाई पाणी भरता भरता म्हणत, तात्याचे लुकण मागून धरले. नदीचे फेरे थांबले. माझ्या घशाखाली मात्र ते पाणी उतरत नव्हते.

तात्या वेशीबाहेर गेले त्याच्या नवव्या दिवशी आत्याबाई देवीला गेल्या होत्या. मी भाकरी बांधून घेतली आणि पदर पुढे ओढून वेशीबाहेर गेले. एकटी इतकी लांब मी त्याआधी गेले नव्हते. बाभळीखाली चार काठ्या रोवून तात्यांनी वर पोती टाकली होती. मला बघून त्यांनी विचारले, "कुठं गळतं?"

मी म्हणाले, "तात्या, तो सडा मी टाकला व्हता."

"ठावं हाय," ते म्हणाले. "राखंला शेणाचा वास व्हता. हौदाच्या पाण्यात शेण कुठनं येईल?"

"मग कावून असं बोललात?"

ते डेऱ्याकडे बघत होते. डेरा बाभळीच्या मुळीवर नीट बसवला होता आणि खाली राख पसरली होती. मग ते सावकाश बोलू लागले. त्यांना एक मुलगी होती. धारूरला दिली होती. तिच्या हातून सासरचा डेरा फुटला आणि सासरच्यांनी तिला माहेरी पाठवली. तात्यांनी तिकडून खापऱ्या मागवून घेतल्या, वर्षभर नाना लगदे करून बघितले, आणि शेवटी डेरा बाहेरून लुकणाने, आतून चुन्याने सांधून, त्यात पाणी भरून, डोक्यावर घेऊन घाट चढून धारूरला गेले. तिच्या सासऱ्याला दाखवायला, की बघा, आता गळत नाही.

"गेलतो," ते म्हणाले. "त्यांनी दार उघडलं न्हाई. पोर त्याच साली पटकीच्या साथीत गेली." मग डेऱ्याकडे हात करून, "आजून गळत न्हाई त्यो."

मी भाकरीचे फडके पुढे केले. त्यांनी भाकरी हातात घेतली, आणि खाण्याआधी ती उजेडाकडे धरून सगळ्या कडेने हळूहळू फिरवली, भांडे बघतात तशी.

"कुठं भेग न्हाई," म्हणाले, आणि जेवायला बसले.

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी डेऱ्यावरचे झाकण काढले, तांब्या बुडवला आणि माझ्यापुढे धरला. उन्हाची आलीस, पाणी पिऊन जा, असे काहीसे पुटपुटले. मी ते प्याले. पाणी गार होते आणि त्याला कसलाही वास नव्हता.