डाळिंबसालीची मोहीम

शालिवाहन शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, पौष मासी, किल्लारीचा भूकंप होऊन पंचवीस वर्षे लोटली होती आणि लातूर शहरी गल्लोगल्ली क्लासांचे राज्य नांदत होते. त्यांत रसायनशास्त्राचे सुभेदार राजमान्य राजश्री दत्तोपंत यांचा अंमल मोठा. त्यांची कन्या मालविका रसायनात पैकीच्या पैकी गुण घेऊन पुण्यास गेली, इंजिनिअर जाहली, आणि मग नोकरीस रामराम ठोकून सेंद्रिय सुती साड्यांचे गठ्ठे घेऊन परतली. म्हणू लागली की, कापड सावकाश विणावे, झाडपाल्याने सावकाश रंगवावे, आणि एकच घेऊन वर्षानुवर्षे नेसावे.

दत्तोपंतांची थोरली बहीण इंदूबाई, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, हे ऐकून मनी म्हणाल्या की, आमच्या मातोश्रींनी जन्मभर हेच केले, पण त्यांस कोणी व्याख्यानास बोलाविले नाही. भूकंपसमयी शहरांतून ट्रकच्या ट्रक जुने कपडे आले होते आणि नऊवारी मागणाऱ्या बायांपुढे चमचमते फ्रॉक टाकिले गेले होते. ते ढीग इंदूबाईंनी स्वहस्ते उपसले, तेव्हापासून झगमग कापडाची त्यांस शिसारी. म्हणोन त्यांनी अंतःकरणी भाचीचा पक्ष धरिला, मात्र टोमणे जारी ठेविले.

दत्तोपंतांनी फर्मान काढिले की, संक्रांतीआधीच्या महिला प्रदर्शनात माल खपला तर ठीक, नाहीतर माघापासून कन्येने क्लासात हजर होऊन शिकवावे. मालविकेस त्यापेक्षा काळे पाणी बरे वाटले.

मग गच्चीवर चुली पेटल्या, डाळिंबाच्या सालींची आणि हिरड्यांची रसद आली, आणि शेजारीण जन्नतबी, फॉल-पिकोच्या कामात नामजाद, मदतीस रुजू जाहली. पुण्यात याच मसाल्याने झेंडूसारखा पिवळा उतरला होता, म्हणोन नमुना पाहण्याचे कारण नाही असे ठरले आणि बोअरच्या पाण्याने कढया भरून सगळा माल एकदम आत गेला. बाहेर काढला तो तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट.

जन्नतबीने एक साडी पिळून उन्हात धरिली. मग म्हणाली, “बेटी, ये पीला हाय तो मेरी भैंस बी पीली हाय.”

इतक्यात दत्तोपंतांची स्वारी गच्चीवर दाखल जाहली आणि त्यांनी निवाडा दिला की, बोअरच्या पाण्यात लोह, सालीत टॅनिन, दोन्ही मिळाले की काळेच होणार. हे आमच्या नोट्समध्ये सविस्तर आहे.

“बाबा,” मालविका म्हणाली, “त्या पानावर तुम्हीच लिहून दिलं होतं, परीक्षेत येत नाही, सोडा.”

सुभेदार जिना उतरून गेले.

कन्या मात्र गठ्ठ्यावर बसून डोळे पुसू लागली. तेव्हा इंदूबाई पुढे सरसावल्या. “संक्रांत आठवड्यावर आली. अख्खा जिल्हा काळी साडी शोधायलाय आन् तू रडायलीस?”

“आत्या, साड्यांच्या चिठ्ठ्यांवर रंग पिवळा छापलाय. मी खोटं सांगून विकणार नाही.”

“कोण सांगतंय खोटं? खरं काय ते लिही की.”

मग जुन्या चिठ्ठ्या रद्द करून नव्या लिहिल्या गेल्या: डाळिंबाची साल, हिरडा आणि लातूरच्या बोअरचे पाणी.

प्रदर्शनाच्या दिवशी पहिला प्रहर सुना गेला. मग एका सरांच्या पत्नीने चिठ्ठी वाचिली आणि त्या थबकल्या. “ह्या पाण्यानं माझे केस गेले, बादल्या गेल्या, गीझर गेला. एवढं एक काम बरं केलं म्हणायचं.” त्यांनी साडी घेतली, मैत्रिणींस वर्दी धाडिली, आणि मग जी धामधूम माजली तीत सावकाश खरेदी करण्याचा उपदेश कोणास आठवला नाही. सांजेस एकही साडी उरली नाही. येणेप्रमाणे लातूर मुक्कामी फत्ते जाहली.

पुढे मालविकेची कीर्ती पुण्यास पोहोचली. तेथील मंडळी हाच काळा मागतात, आणि ती ठणकावून सांगते की, तुमच्या गोड पाण्याला तो साधत नाही. जन्नतबी लेक शारिक याजकडे नांदेडास गेली आणि तेथून फॉल लावून गठ्ठे एसटीने धाडिते. दत्तोपंतांचा क्लास एका परगावच्या बड्या क्लासाने खालसा केला. ते हल्ली लेकीच्या कढया ढवळतात आणि सूचना फार करितात. इंदूबाईंनी पहिल्याच दिवशी एक साडी बाजूस काढून ठेविली होती. ती अद्याप विटली नाही. नेसणारी तेवढी थकली.