अँप्लिफायरची सोयरीक

“कमलच्या लग्नात सासऱ्याच्या पोटातलं पाणी हाललं नाई, तर ही बास गिटार मी जाम नदीत बुडवून टाकीन,” असं गुणवंतानं पांढुर्ण्याच्या चौकात चार लोकांसमोर जाहीर केलं. चौऱ्याऐंशीचा मे महिना होता. गावालगतच्या जाम नदीत गिटार काय, चमचा बुडेल एवढं पाणी नव्हतं. पण गुणवंताचा निश्चय मात्र दोन्ही काठ भरून वाहत होता.

गुणवंता दिवसा जिनिंग फॅक्टरीत कारकून आणि संध्याकाळी गावच्या ऑर्केस्ट्रात बासवाला. ऑर्केस्ट्रात गाणारा दिसतो, ढोलकी ऐकू येते, अकॉर्डियनवाल्याकडे पोरी चोरून बघतात. बास मात्र वरणातल्या मिठासारखा. आहे तोवर त्याचं कोणी नाव काढत नाही. त्यातून ऑर्केस्ट्राचा सगळा आवाज दोन पत्र्याच्या भोंग्यांतून जायचा, आणि भोंग्याच्या गळ्यातून जाड स्वर उतरतच नाही. गुणवंता बोटं सोलून निघेपर्यंत वाजवायचा आणि समोर बसलेल्यांना नुसता डोलणारा माणूस दिसायचा.

त्याची बायको प्रेमलता सौसरची, बी.ए. झालेली. प्रत्येक कार्यक्रमानंतर ती अगदी मायेनं विचारायची, “अहो, आज वाजवलं, का नुसतेच धरून उभे होते?”

सासरे पुंडलिकराव तहसील कचेरीतले निवृत्त बडेबाबू. त्यांची अशी ठाम समजूत होती की गिटारीला तारा सहा असतात. जावयाच्या गिटारीला चारच आहेत, म्हणजे दोन तुटलेल्या आहेत आणि जावई संकोचानं बोलत नाही.

आता धाकट्या मेहुणीचं, कमलचं, लग्न निघालं होतं. सौसरला, सासऱ्याच्या दारी मांडव, आणि संध्याकाळी जावयाचा ऑर्केस्ट्रा. एकदा, आयुष्यात एकदाच, सासरच्या माणसांच्या कानी आपला स्वर पडावा, एवढंच गुणवंताचं मागणं होतं. त्यासाठी बासला स्वतःचा अँप्लिफायर आणि स्वतःची स्पीकरची पेटी हवी होती.

तो केशवरावांकडे गेला. केशवरावांचे धंदे दोन: लग्नात लाउडस्पीकर लावणे आणि ती लग्नं मुळात जुळवणे. कमलचं स्थळही त्यांनीच लोधीखेड्याहून आणलेलं. त्यांच्याकडे एक काळा, दणकट अँप्लिफायर होता. त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: आठ ओहम.

“पोरगा आपल्या घरचा हाय,” केशवराव अँप्लिफायरच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. “निर्व्यसनी, अंगानं भरलेला. फक्त पेटी पाह्यजे. चाल, पाहून येऊ.”

पहिली पेटी पांढुर्ण्यातच मिळाली. तिच्यावरही आठ ओहम लिहिलेलं. केशवरावांनी मान हलवली.

“कायले नाई म्हणून राहिले?” गुणवंतानं विचारलं. “आठाले आठ, बराबर तर हाय.”

“म्हणूनच नाई. बराबरीची बायको घरात टिकू देत नाई, भाऊ. पोरगी नेहमी पोराहून थोडी उणी पाह्यजे. उंचीत, शिक्षणात, पगारात. मी एवढ्या सोयरिकी जुळवल्या, सांगून राहिलो तुले अनुभवानं.”

गुणवंता मॅट्रिक आणि घरात बी.ए. त्यानं निमूट मान डोलावली.

नदी ओलांडून दोघं सावरगावला कलाबाईच्या घरी गेले. तिच्या नवऱ्याचा जत्रेतला फिरता सिनेमा होता. नवरा गेला, सिनेमा विकला, पेटी राहिली. पोटात दोन मोठे स्पीकर असलेली, कपाटाएवढी पेटी. तिच्यावर ज्वारीचा डबा, डब्यावर मांजर. कलाबाईनं मांजर उठवलं, डबा उतरवला, पदरानं धूळ पुसली. कोपऱ्यात लिहिलं होतं: चार ओहम.

“झालं,” केशवराव म्हणाले. “आठाच्या घरी चाराची पोरगी. सुखानं नांदन.”

इथं वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. ओहम म्हणजे ओढ नाही, अडवणं. पेटी जितके कमी ओहम दाखवते तितकी ती अँप्लिफायरकडून जास्त ओढून घेते. म्हणजे चाराची ही गरीब पोरगी आठाच्या घरातली कणगी रिकामी करणार होती. पण हे त्या खोलीत फार तर मांजराला ठाऊक असेल.

पेटी बैलगाडीत चढली तेव्हा कलाबाईचे डोळे भरले. “लाडाची हाय, जपजा,” ती म्हणाली आणि जात्यावरच्या सुरात गुणगुणली:

नदी माय कोरडी, कशी ओलांडली लेकीनं,
पाणी होतं थोडं थोडं, तेवढं दिलं पापणीनं.

गुणवंताला उगीचच गहिवरून आलं. आपण पेटी नेतोय की सून, हेच त्याला कळेना.

लग्नाच्या संध्याकाळी सौसरच्या मांडवात त्यानं पहिली तार छेडली आणि स्टेजच्या फळ्या थरारल्या. तो स्वर जमिनीतून, सतरंजीतून, पाटावरच्या समईतून गेला. पुढच्या रांगेत पुंडलिकरावांनी पोटावर हात ठेवला. गुणवंताचं हृदय भरून आलं. हाललं, पाणी हाललं.

दुसऱ्या गाण्याला वास आला. तिसऱ्या गाण्याला ढोलकीवाला कानाशी येऊन म्हणाला, “गुणवंता, तुहा अँप्लिफायर पोळी भाजून राहिला.”

गुणवंतानं मागं हात लावला आणि फुंकर घालत काढला. केशवराव धावत आले. दोघांनी चहूकडे पाहिलं. मांडवात थंडावा देणारी एकच वस्तू होती: वाळ्याच्या ताट्या लावलेला मोठा कूलर. तो थेट वरपक्षाच्या गाद्यांवर रोखलेला, आणि त्यापुढे नवरदेवाचे मामा, लोधीखेड्याचे नत्थूजी, डोळे मिटून लोडाला टेकलेले.

“थोडासा फिरवू,” गुणवंता म्हणाला. “त्याइले झोप लागली हाय. समजन नाई.”

मे महिन्यात सौसरला कूलर फिरला आणि वरमामाला समजलं नाही, असं आजवर झालेलं नाही. नत्थूजींनी डोळे उघडले. आधी कूलरची पाठ पाहिली, मग कूलर ज्याला वारा घालत होता तो काळा डबा पाहिला.

“पुंडलिकराव,” ते शांतपणे म्हणाले, “हे कोण पाहुणे?”

“कोण?”

“हेच. काळे. आमाले उठवून ज्याइले वारा घालून राहिले ते. आमच्याहून जवळचे दिसतात.”

“नाई हो, मशीन हाय ते.”

“मशीनले कूलर, आन् वरमामाले घाम. बिलकुल बराबर हाय. चला रे, जीप काढा.”

वरपक्षाच्या रांगेतून टोप्या उठल्या. आत कमलच्या हातातली वरमाला थांबली. पुंडलिकराव घामानं नाही, भीतीनं भिजले. केशवरावांची अवस्था तर बघवत नव्हती: जुळवलेल्या दोन सोयरिकी एकाच मांडवात, एकाच वेळी तापल्या होत्या, आणि कूलर एकच!

“मामाजी, पोराची तब्येत बरी नाई,” केशवराव नत्थूजींपुढे हात जोडून म्हणाले, आणि आपण अँप्लिफायरबद्दल बोलतोय हे ध्यानात येताच जीभ चावली.

“नवरदेव आजारी हाय?” मागून कोणी तरी ओरडलं. वधूपक्षही उठला.

पुंडलिकराव स्टेजजवळ आले. “जवाईबापू,” ते म्हणाले, “माही पोरगी की तुमचं मशीन, एक सांगा.”

गुणवंतानं त्यांच्याकडे पाहिलं. मग दाराआडून डोकावणाऱ्या कमलकडे. मेहुणी लहानपणापासून त्याला भाऊजी म्हणून जीव लावायची. त्यानं गिटार खांद्याला तशीच ठेवून कूलर दोन्ही हातांनी धरला आणि पूर्ण वळवून नत्थूजींच्या मिशांवर रोखला. मिशा फडफडल्या. नत्थूजी हळूच पुन्हा लोडाला टेकले. जीप निघाली नाही.

अँप्लिफायरनं आणखी अर्धं गाणं सोसलं. मग “खट्” असा आवाज आला, धुराची एक बारीक रेघ वर गेली, आणि बास गेला. गुणवंता बाकीची सगळी गाणी नुसता डोलत राहिला. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. माला पडल्या, अक्षता पडल्या, पुंडलिकरावांनी जावयाला सगळ्यांदेखत छातीशी धरलं. “पोटात सकाळपासून गडबड होती,” ते म्हणाले, “आता मोकळं वाटून राहिलं.”

पंगत उठल्यावर प्रेमलता त्याच्याजवळ येऊन बसली. त्याची सोललेली बोटं तिनं हातात घेतली.

“अहो, एक विचारू? सुरुवातीला ते घुम-घुम काय होतं? जमिनीतून येत होतं. इतकं छान वाटून राहिलं होतं, कोणी पाठीवर हात फिरवल्यासारखं. मग मधेच बंद झालं, अन् सगळं गाणं पोकळ वाटलं.”

चार तारांचं जन्माचं सार्थक झालं होतं.

“तो मी होतो, प्रेमलता,” तो म्हणाला.

“तुम्ही?” तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. “मले वाटलं, कूलर.”